पराजयाच्या वर्षांचा न्याय

रणांगणावर हरलेल्या सेनापतीचा न्याय करण्यास लोक फार उतावळे असतात. जिंकलेल्या सेनापतीचा न्याय करण्याची गरजच कोणाला वाटत नाहीं. निकाल लागला म्हणजे विचार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. खेळाच्या मैदानावरील न्यायाची तऱ्हाहि याहून निराळी नाहीं. अमेरिकेंत बेसबॉलचा एखादा संघ लागोपाठ दोन-तीन हंगाम हरला, कीं प्रेक्षकांचा राग ज्याच्यावर कोसळतो तो गृहस्थ पुष्कळदां मैदानावर पाऊलहि टाकीत नाहीं. तो कचेरींत बसतो. त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. त्याच्या कामाची पारख कशी करावी हा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या धीरावर, दूरच्या फळासाठीं काम करणाऱ्या कोणत्याहि माणसाचा न्याय कसा करावा, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे; आणि तो प्रश्न घरोघर व कचेरोकचेरीं नित्य उभा राहतो.

क्रिकेट जाणणाऱ्या श्रोत्यांस बेसबॉलची कल्पना येण्यास वेळ लागणार नाहीं. एकानें चेंडू फेकावा, दुसऱ्यानें तो दांडक्यानें टोलवावा, आणि चार ठाण्यांची फेरी पुरी करून धांव मिळवावी, असा हा खेळ आहे. चेंडू हद्दीबाहेर उंच भिरकावला गेला म्हणजे त्यास होम रन म्हणतात. आपल्याकडील षट्काराचेंच तें भावंड. क्रिकेटहून मोठा फरक आहे तो सामन्यांच्या संख्येचा. पूर्वीं एका हंगामांत प्रत्येक संघ १५४ सामने खेळे. १९६० नंतर ही संख्या १६२ झाली. इतके सामने खेळले म्हणजे उत्तमांतला उत्तम संघहि पन्नास-साठ वेळां हरतो, आणि अगदीं टाकाऊ संघहि चाळीस-पन्नास वेळां जिंकतो.

संघाचे कारभारी दोन असतात. मैदानावरचा मॅनेजर हा त्या दिवशींच्या डावाचा धनी. कोणास खेळवावें, कोणास बसवावें, हें तो ठरवितो. जनरल मॅनेजर हा त्या डावांतील सोंगट्यांचा धनी. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणता विकावा, कोणाच्या बदल्यांत कोण आणावा, शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोणत्या पोरास करारानें बांधून घ्यावें आणि खालच्या दर्जाच्या संघांत किती वर्षें मुरूं द्यावें, हे निर्णय त्याचे. या निर्णयांचीं फळें एकाच वेळीं हातीं येत नाहींत. कसलेला खेळाडू आणला तर महिन्याभरांत गुण दिसतो. सतरा वर्षांचा मुलगा घेतला तर पांच-सहा वर्षें वाट पहावी लागते. एकाच वाडींत मेथीहि पेरावी आणि आंब्याची कोयहि लावावी, असा हा धंदा आहे. वर्तमानपत्रांत मात्र जय किती आणि पराजय किती, एवढाच आंकडा छापून येतो, आणि तो मेथी-आंब्याचा भेद करीत नाहीं.

या न्यायाचा कस पाहण्यास पिट्सबर्ग शहरांतील पायरेट्स संघाच्या इतिहासासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. त्यांतील मुख्य पुरुष ब्रँच रिकी. हे १८८१ सालीं ओहायो प्रांतांत जन्मले. खेळाडू म्हणून त्यांचें नांव झालें नाहीं. पुढें कायद्याचें शिक्षण घेऊन ते खेळाच्या कारभारांत शिरले. सेंट लुई येथील कार्डिनल्स संघाजवळ पैसा बेताचाच. तयार खेळाडू विकत घेण्याची ऐपत नाहीं, तर ते घरींच तयार करावे, या विचारानें रिकी यांनीं लहान लहान गांवांतील संघ हाताशीं धरून त्यांची एक साखळीच उभारली. तिला ‘फार्म’ म्हणजे शेती हेंच नांव पडलें. या शेतीच्या जोरावर कार्डिनल्सनीं १९२६, १९३१, १९३४ व १९४२ या सालीं जगज्जेतेपद मिळविलें. तेथून रिकी ब्रुकलिनला गेले. आणि १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस वरच्या दर्जाच्या संघांत उभें करून त्यांनीं कित्येक दशकांची वर्णभेदाची भिंत पाडली. असा हा नामांकित पुरुष १९५० च्या अखेरीस, एकोणसत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पिट्सबर्गचा जनरल मॅनेजर झाला.

संघ त्या वर्षीं तळालाच होता. आतां परिस आला, लोखंडाचें सोनें होणार, असें सर्वांस वाटलें. झालें तें उलटेंच. १९५१ सालीं ६४ जय आणि ९० पराजय. १९५२ सालीं अवघे ४२ जय आणि ११२ पराजय. १९५३ सालीं ५० व १०४, १९५४ सालीं ५३ व १०१, आणि १९५५ सालीं ६० व ९४. पांच वर्षांची बेरीज २६९ जय आणि ५०१ पराजय. आठ संघांच्या नॅशनल लीगमध्यें पहिल्या वर्षीं सातवा क्रमांक, आणि पुढें सलग चार वर्षें आठवा.

आंकड्यांमागें माणसें असतात. पिट्सबर्ग हें पोलादाचें शहर. भट्टीवर पाळी करून घरीं येणाऱ्या माणसास संध्याकाळचा सामना हा दिवसांतला विसांवा. १९५० सालीं या संघाचे सामने पाहण्यास साडेअकरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. १९५५ सालीं ती संख्या पावणेपांच लाखांच्या आंत आली. संघाच्या नांवावरून व रिकी यांच्या नांवावरून विनोद होऊं लागले. ‘आज चांगलें पेरलें आहे, पांच वर्षांनीं पहा,’ असें सांगणाऱ्याकडे ज्यानें आज तिकिटास पैसे मोजले आहेत त्यानें कोणत्या नजरेनें पहावें? त्याचा राग अडाणीपणाचा होता असें म्हणवत नाहीं.

त्या रागाचें सर्वांत मोठें कारण राल्फ काइनर हें होतें. १९४६ पासून १९५२ पर्यंत ओळीनें सात वर्षें, कधीं एकट्यानें तर कधीं दुसऱ्याच्या बरोबरीनें, तो नॅशनल लीगमध्यें होम रनच्या यादीच्या शिरोभागीं होता. संघ हरत असे. तरीहि काइनरची शेवटची पाळी होईपर्यंत लोक जागा सोडीत नसत. अशा खेळाडूस रिकी यांनीं जून १९५३ मध्यें शिकागोच्या कब्ज संघास देऊन टाकलें. पिट्सबर्गचे चार खेळाडू गेले, शिकागोचे सहा आले, आणि शिवाय रोख रक्कम मिळाली. देवळांतली मूर्तीच विकल्यासारखें गांवास वाटलें.

या एका व्यवहाराची नीट फोड केली, म्हणजे न्याय करण्याची रीत कांहींशी उलगडते. काइनरला सोडावें कीं नाहीं, हा एक प्रश्न. त्याच्या मोबदल्यांत काय घ्यावें, हा दुसरा. लोक हे दोन्ही प्रश्न एकत्र करून रागावले. पहिल्या प्रश्नाचें रिकी यांचें उत्तर असें कीं, काइनरचा पगार संघांत सर्वांहून मोठा आहे, त्याच्या उमेदीचीं वर्षें सरत आलीं आहेत, आणि तो असतांहि संघ शेवटचाच येतो. मग तो नसतांना याहून खालीं कोठें जाणार? हा तर्क खरा ठरला. १९५३ सालीं काइनरनें ३५ होम रन केले, पुढच्या वर्षीं २२, त्याच्या पुढच्या वर्षीं १८; आणि पाठीच्या दुखण्यामुळें, तेहतीसावें वर्ष लागतां लागतांच, त्याचा खेळ संपला. दुसऱ्या प्रश्नांत मात्र रिकी नापास झाले. शिकागोहून आलेल्या सहा जणांपैकीं एकहि संघाच्या पुढील भाग्योदयाच्या वेळीं तेथें नव्हता. येथें एक गोष्ट मात्र रिकी यांच्या बाजूची आहे. काइनरला विकावें असें त्यांनीं १९५२ सालींच मालकांस लिहून कळविलें होतें. परंतु प्रेक्षकांच्या लाडक्यास सोडण्यास मालक त्या वेळीं राजी नव्हते. वर्षभरानें बाजारभाव उतरला होता. विचार बरोबर, वेळ चुकलेली आणि सौदा हलका, असा या प्रकरणाचा तिहेरी निकाल आहे. ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ अशा एका शब्दांत तो मावत नाहीं.

पोरांच्या बाबतींतहि असेंच सूक्ष्म पहावें लागतें. रिकी यांचा भरंवसा संख्येवर होता. शेंकडों मुलें गोळा करावीं, त्यांतून दहा-पांच निघतील, हा त्यांचा हिशेब. सेंट लुई येथें तो खरा ठरला होता, कारण तेथें हीं मुलें खालच्या संघांत वर्षानुवर्षें मुरत असत. पिट्सबर्ग येथें ती शेती अजून उभी व्हावयाची होती, म्हणून मुलांस एकदम वरच्या मैदानांत उतरविण्यांत आलें. १९५२ च्या संघांत टोनी बार्टिरोम हा वीस वर्षांचा मुलगा १२४ सामने खेळला. त्यानंतर वरच्या दर्जाच्या सामन्यांत तो पुन्हां कधींच दिसला नाहीं. जॉनी व एडी ओब्रायन हे जुळे भाऊ विद्यापीठांत नांव गाजवून १९५३ सालीं आले. ज्यास मोठी आगाऊ रक्कम दिली असेल त्या नवख्यास दोन वर्षें वरच्या संघांतच ठेवावें, असा तेव्हांचा नियम होता. त्यामुळें ज्या वयांत खालीं शिकावयाचें त्या वयांत ते वर बसून राहिले, आणि पुढें दोघांचीहि कारकीर्द सामान्यच झाली. हिरव्या कैऱ्या आढींत न घालतां ताटांत वाढल्या, तर खाणाऱ्याचे दांत आंबतात आणि कैरीहि वायां जाते. १९५२ सालच्या ११२ पराजयांत या घाईचा वांटा मोठा आहे, आणि तो रिकी यांच्या नांवावरच मांडला पाहिजे.

आतां वहीची दुसरी बाजू. १९५२ सालीं विद्यापीठांतून थेट आलेला डिक ग्रोट हा मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून टिकला. त्याच वर्षाच्या अखेरीस एल्रॉय फेस हा बुटका गोलंदाज ब्रुकलिनच्या मालकीच्या खेळाडूंतून निवडून घेण्यांत आला. १९५३ सालीं त्याच्या चेंडूंवर धांवांची लयलूट झाली. रिकी यांनीं त्याला पुढचा सबंध हंगाम न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या संघांत धाडलें. वेगांत फसविणारा नवा चेंडू शिकून तो परतला, आणि पुढें १९५९ सालीं १८ सामने जिंकून एकच हरला. घाईची चूक ओळखून ती सुधारण्याची बुद्धि रिकी यांस होती, हें यावरून दिसतें. १९५४ सालीं बिल मॅझेरॉस्की या सतरा वर्षांच्या मुलास करारानें बांधण्यांत आलें.

आणि त्याच वर्षीं पोर्टो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे हातीं लागला. ब्रुकलिन संघानें या तरुणास दहा हजार डॉलर देऊन बांधलें होतें, परंतु वरच्या संघांत न घेतां माँट्रियल येथील खालच्या संघांत ठेवलें होतें. इतकी रक्कम घेतलेल्या नवख्यास खालीं ठेवल्यास वर्षाअखेर दुसऱ्या कोणत्याहि संघानें ठराविक किंमत देऊन त्यास उचलावें, असा नियम होता. पिट्सबर्गचा पारखी क्लाइड सुकफोर्थ माँट्रियलला गेला होता तो दुसऱ्याच एका गोलंदाजास पाहण्यास. त्याच्या नजरेंत भरला क्लेमेंटे. उचल करण्याचा पहिला मान शेवटच्या क्रमांकाच्या संघाचा. नोव्हेंबर १९५४ मध्यें पिट्सबर्गनें चार हजार डॉलर मोजून त्याला घेतलें. पहिल्या हंगामांत त्याची फलंदाजी साधारणच होती. तो पुढें बेसबॉलच्या इतिहासांतील थोर पुरुष होणार आहे, हें १९५५ सालच्या तक्त्यांत कोणासहि वाचतां आलें नसतें.

त्या वर्षाच्या अखेरीस रिकी यांनीं कारभार सोडला. वय चौऱ्याहत्तराच्या घरांत, पदरीं पांच वर्षांचें अपयश. त्यांच्या जागीं जो ब्राउन हे आले. तेहि जादूगार नव्हते. त्यांच्या पहिल्या दोन हंगामांतहि संघ जिंकला त्याहून अधिक हरला. पण १९५८ सालीं संघ एकदम दुसऱ्या क्रमांकावर चढला, आणि १९६० सालीं ९५ सामने जिंकून नॅशनल लीगमध्यें पहिला आला. गांठ पडली ती न्यूयॉर्कच्या यांकी संघाशीं. सात सामन्यांच्या त्या झुंजींत यांकींनीं एकंदर ५५ धांवा काढल्या आणि पिट्सबर्गनें फक्त २७. तरीहि पिट्सबर्गनें चार सामने जिंकले. १३ ऑक्टोबर १९६० रोजीं सातव्या सामन्यांत नऊ-नऊ अशी बरोबरी असतां शेवटच्या डावांत मॅझेरॉस्कीनें चेंडू डाव्या अंगाच्या भिंतीपलीकडे टोलविला, आणि सारें शहर रस्त्यावर आलें.

हा विजय कोणाचा? ग्रोट, फेस, मॅझेरॉस्की आणि क्लेमेंटे हे रिकी यांनीं आणलेले. पण त्या वर्षींचे दोन प्रमुख गोलंदाज व्हर्नन लॉ आणि बॉब फ्रेंड हे रिकी येण्यापूर्वींच संघाचे झाले होते. आणि बिल व्हर्डन, हार्वे हॅडिक्स, स्मोकी बर्जेस व डॉन होक हे मोहरे ब्राउन यांनीं अदलाबदलींत मिळविले. सातव्या सामन्याच्या आठव्या डावांत ज्याच्या टोल्यानें संघ सांवरला तो हॅल स्मिथहि ब्राउन यांनीं आणलेला. एकानें विहीर खणली, दुसऱ्यानें पाट काढले, तिसऱ्यानें पाणी धरलें. पिकलेल्या शेतावर तिघांचाहि हक्क आहे. म्हणून ‘रिकी यांनीं संघ बुडविला’ हें जितकें अर्धसत्य, तितकेंच ‘१९६० चा विजय रिकी यांचा’ हेंहि अर्धसत्यच. जो आज खुर्चींत आहे त्याच्या नांवावर आजचा जय किंवा पराजय सरसकट मांडणें, म्हणजे नुकत्याच बदली होऊन आलेल्या मामलेदाराला मागच्या सालच्या दुष्काळाचा जाब विचारण्यासारखें आहे.

याहूनहि खोल असा एक प्रश्न उरतो. मॅझेरॉस्कीचा तो चेंडू दोन हात अलीकडे पडून झेलला गेला असता, आणि यांकी जिंकले असते, तर १९५४ सालीं क्लेमेंटेस उचलण्याचा निर्णय कमी शहाणपणाचा ठरला असता काय? निर्णय तोच, माणूस तोच, त्या वेळची माहितीहि तीच. बदलला असता तो फक्त सहा वर्षांनंतरच्या एका चेंडूचा मार्ग. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक वेळ आली, तर फांदीचें श्रेय कावळ्यास देऊं नये, हें व्यवहारांत सर्वांस कळतें. निकालाच्या धुंदींत मात्र तें विसरलें जातें. गणिताची वही तपासणारा शहाणा परीक्षक केवळ उत्तर पहात नाहीं, रीत पाहतो. रीत बरोबर आणि शेवटच्या बेरजेंत चूक, तर बरेच गुण देतो. उत्तर बरोबर पण शेजाऱ्याच्या वहींतून उतरलेलें, तर शून्य देतो. निर्णय घेतेवेळीं काय ठाऊक होतें, काय ठाऊक करून घेतां आलें असतें, आणि त्यावरून काय ठरविलें, हीच या परीक्षेंतली रीत.

परंतु केवळ रीतीचा आग्रह धरला, तर दुसऱ्या टोंकास जाण्याचें भय आहे. ‘आमची रीत बरोबर आहे, फळ मागाहून दिसेल,’ ही ढाल मग कोणासहि पुढें धरतां येते. अलीकडच्या काळांत ही ढाल बेसबॉलमध्यें इतकी प्रचलित झाली, कीं मुद्दाम हरणें हीच कित्येकांची नीति होऊन बसली. १९६५ पासून नवख्या खेळाडूंची वार्षिक निवड सुरू झाली, आणि तींत सर्वांत खालच्या संघास पहिली निवड मिळूं लागली. मग मध्येंच लोंबकळण्यापेक्षां तळाला बसून उत्तम पोरें वेंचावीं, हा विचार मूळ धरूं लागला.

ह्यूस्टनचा अॅस्ट्रोज संघ हें त्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण. डिसेंबर २०११ मध्यें जेफ ल्यूनो तेथें जनरल मॅनेजर झाले. संघ त्या वर्षीं १०६ सामने हरला होता. त्यांच्या कारकीर्दींत २०१२ सालीं १०७ आणि २०१३ सालीं १११ सामने हरला. २०१३ सालीं खेळाडूंच्या पगारावर सर्व संघांत कमी खर्च त्यांचाच होता, आणि त्या सप्टेंबरांतील एका सामन्यास दूरचित्रवाणीवर मोजण्याजोगा प्रेक्षकहि मिळाला नाहीं. पुढें २०१७ सालीं हाच संघ जगज्जेता झाला, आणि ल्यूनो यांच्या रीतीचे गोडवे गाइले जाऊं लागले. पण वही उघडली तर येथेंहि तीच सरमिसळ. विजयी संघांतील आल्टुव्हे, स्प्रिंगर आणि कायकेल हे ल्यूनो यांच्यापूर्वींचे. कार्लोस कोरियाची निवड त्यांची, आणि उत्तम. २०१३ सालीं पहिल्या निवडीवर घेतलेला मार्क अॅपेल ह्यूस्टनसाठीं एकहि सामना खेळला नाहीं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या संघानें घेतलेला क्रिस ब्रायंट तीन वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१४ च्या मार्चमध्यें जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजास त्यांनीं फुकट सोडून दिलें. त्याच वर्षीं डेट्रॉइटकडून त्यानें २३ होम रन केले.

यापुढचा भाग अधिक बोधक आहे. २०१७ च्या हंगामांत ह्यूस्टनच्या मंडळींनीं प्रतिपक्षाच्या खुणा कॅमेऱ्यानें टिपून आपल्या फलंदाजास कळविल्या, असें पुढील चौकशींत सिद्ध झालें. जानेवारी २०२० मध्यें संघास पन्नास लाख डॉलर दंड झाला, दोन वर्षांच्या पहिल्या निवडी हिरावल्या गेल्या, आणि ल्यूनो यांस वर्षभर निलंबित करण्यांत आलें. मालकांनीं त्याच दिवशीं त्यांस बडतर्फ केलें. आपणांस हा प्रकार ठाऊक नव्हता, असें ल्यूनो यांचें म्हणणें. तें कसेंहि असो. पराजयाचीं वर्षें जशीं अयोग्यतेचा पुरावा नव्हेत, तसा विजयाचा चषकहि योग्यतेचा पुरावा नव्हे, हें यावरून पुरतें उघड झालें.

ह्यूस्टनचें पाहून इतरांनींहि तोच मार्ग धरला. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघानें २०१६ च्या अखेरीस आपले नामांकित खेळाडू देऊन तरुण पोरें जमविण्यास आरंभ केला. तीन वर्षें पराजय सोसले. २०२१ सालीं ९३ सामने जिंकलेहि. पण अंतिम फेरीकडे जाणारी एकहि लढत त्यांस जिंकतां आली नाहीं, २०२३ सालीं जुना कारभार बडतर्फ झाला, आणि २०२४ सालीं संघ १२१ सामने हरला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इतके पराजय एका हंगामांत कोणीहि पाहिले नव्हते. खुद्द पिट्सबर्गचा संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत ओळीनें वीस हंगाम हरलेल्या सामन्यांचेंच पारडें जड ठेवून बसला. धीर धरा म्हणून सांगितलें तरी तो वीस वर्षें किती जणांनीं धरावा? तेव्हां हरण्याचा मोह कमी करण्यासाठीं, २०२३ च्या निवडीपासून पहिल्या सहा जागा चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचा नियम करण्यांत आला.

तेव्हां पराजयाच्या वर्षांचा न्याय करतांना रीतीबरोबर किंमतहि मोजली पाहिजे, आणि ती किंमत कोणी भरली हेंहि पाहिलें पाहिजे. जनरल मॅनेजरचा पगार हरलेल्या हंगामांतहि चालू असतो. किंमत भरतो तो भट्टीवरून थकून आलेला प्रेक्षक, आणि वीसाव्या वर्षीं अकालीं मैदानांत ढकललेला मुलगा. जो कारभारी आरंभींच सांगतो कीं इतकीं वर्षें लागतील, या खुणा दिसल्या म्हणजे मार्ग बरोबर समजा, आणि त्या न दिसल्या तर मला जाब विचारा, त्याला धीर मागण्याचा अधिकार आहे. जो नुसतें ‘थांबा’ म्हणतो, त्याला तो अधिकार नाहीं. एका-दोन निर्णयांवरून कोणासहि फांशीं देऊं नये, कारण क्लेमेंटेहि कधीं दुसऱ्यासच पाहण्यास गेलें असतां सांपडतो. पण पन्नास निर्णय एका ओळींत मांडले म्हणजे दैवाचा अंश पुष्कळसा गळून पडतो, आणि माणसाची पारख उरते.

या मापानें रिकी यांचा निकाल काय लागतो? मुलांतील गुण ओळखण्याची त्यांची दृष्टि शेवटपर्यंत तीक्ष्ण होती. काइनरविषयींचा त्यांचा अंदाज खरा होता. चुकलेला खेळाडू खालीं धाडून घडविण्याचें धैर्य त्यांच्यांत होतें. परंतु शेती तयार होण्यापूर्वींच ताटें मांडण्याची घाई त्यांनीं केली. ग्रोट वगळला तर १९५२ सालीं वर ढकललेल्या कोंवळ्या पोरांतून १९६० च्या विजयास फारसें कांहीं मिळालें नाहीं. तें मिळालें तें खालीं मुरलेल्यांकडून. म्हणजे पेरणी खरी होती, पण सोसलेल्या दुःखाचा मोठा हिस्सा त्या पिकासाठीं आवश्यक नव्हता. हा डाग त्यांच्या कीर्तीवरून पुसतां येत नाहीं, आणि पुसण्याचें कारणहि नाहीं.

१९६० चा तो विजय पाहण्यास रिकी हयात होते. त्यांचें निधन डिसेंबर १९६५ मध्यें झालें. त्या ऑक्टोबरांत पिट्सबर्गच्या रस्त्यांवर नाचणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं आठ वर्षांपूर्वीं ओसाड मैदानांत बसून ११२ पराजयांचें वर्षहि काढलें होतें. ज्या दिवशीं चेंडू भिंतीपलीकडे गेला त्या दिवशीं त्यांस हिशेब आठवला नसेल, आणि त्याबद्दल त्यांस कोणी दोष देऊं नये. हिशेब ठेवणें हें काम दुसऱ्यांचें. तो ठेवतांना पेरणाऱ्याचें नांव गाळलें जाऊं नये, आणि त्याच्या हातून वायां गेलेलें बींहि लपविलें जाऊं नये, एवढीच अपेक्षा.